टोल न्यायाचा, कीं पेट्रोलवरील कर?

(नभोवाणीवरील भाषण)

आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें मी योजिलें आहे, तो विषय खरा म्हणजे अर्थशास्त्रज्ञांचा. आणि मी तर एक निवृत्त शाळामास्तर. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं. तेव्हां करांच्या न्यायान्यायाविषयीं हा मनुष्य काय सांगणार, असें आपणांपैकीं कोणाच्या मनांत आलें, तर त्यांत मला विषाद वाटण्याचें कारण नाहीं. परंतु माझा सारा जन्म मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत गेला, आणि हा प्रश्न नीट उकलून पाहिला असतां निम्मा तरी त्रैराशिकाचाच आहे, असें माझ्या ध्यानांत आलें. उरलेला निम्मा मात्र मनाचा आहे, व त्याचें उत्तर गणिताच्या पुस्तकांत मागील पानावर दिलेलें नसतें.

प्रसंग असा घडला. आमचें गांव एका राष्ट्रीय महामार्गापासून थोडें आंत आहे. गांवापासून तालुक्याचें ठिकाण तेरा किलोमीटर. त्यांपैकीं पांच किलोमीटर गांवचा रस्ता व आठ किलोमीटर महामार्ग. या आठ किलोमीटरांच्या मध्येंच टोलनाका बसला. तालुक्याला आमचें काय आहे म्हणाल, तर सगळेंच आहे : आठवड्याचा बाजार, दवाखाना, कचेरी, कॉलेज, बीबियाण्यांचीं दुकानें आणि कित्येक लेकींचीं सासरें. गांवकऱ्यांनीं देवळांत बैठक घेऊन असें ठरविलें कीं, आपल्या गांवच्या सर्व गाड्यांना टोल माफ व्हावा असा अर्ज करावयाचा. अक्षर बरें व भाषा शुद्ध म्हणून तो लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं तो लिहिला. त्यावर शंभराच्या वर सह्या व अंगठे झाले. तथापि तो अर्ज मीं पाठविला नाहीं. कां पाठविला नाहीं, हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, रस्त्याचा खर्च कोणीं द्यावा, या प्रश्नाला आजवर कोणकोणतीं उत्तरें देण्यांत आलीं. रस्ता कोणास फुकट मिळत नाहीं. तो बांधावा लागतो, दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करावा लागतो, आणि त्याचा पैसा कोणाच्या तरी खिशांतूनच यावा लागतो. जो त्या रस्त्यानें जाईल त्यानें नाक्यावर मोजून द्यावा, हें एक उत्तर. यासच आपण टोल किंवा पथकर म्हणतों. आपल्याकडे हें कांहीं नवें नाहीं. रस्ते व पूल यांवर टोल घेण्यासंबंधींचा मुंबई इलाख्याचा कायदा १८७५ सालचा आहे. जो जो गाडी चालवील त्यानें तेलाबरोबरच थोडा कर द्यावा, व त्या पैशांतून सर्वत्र रस्ते व्हावेत, हें दुसरें उत्तर.

या दुसऱ्या उत्तराशीं एका महाराष्ट्रीयाचें नांव निगडित आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें रस्त्यांच्या सुधारणेचा विचार करण्यासाठीं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. मोटारी आल्यामुळें रस्त्यांचें महत्त्व गांव-जिल्ह्यापुरतें उरलें नसून तें देशव्यापी झालें आहे, आणि तो भार एकट्या स्थानिक संस्थांना पेलणारा नाहीं, असें या समितीनें १९२८ सालच्या आपल्या अहवालांत दाखवून दिलें. त्या शिफारशीप्रमाणें मार्च १९२९ मध्यें पेट्रोलवरील कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे करण्यांत आला, व वाढविलेले दोन आणे रस्त्यांकरितां वेगळे काढून ठेवण्याची व्यवस्था झाली. हाच मध्यवर्ती रस्तेनिधि होय. पुढें २००० सालीं त्यासाठीं नवा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें डिझेलवरील उपकराचा निम्मा हिस्सा ग्रामीण रस्त्यांसाठीं ठेवण्यांत आला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. आमच्या गांवचा पांच किलोमीटरांचा डांबरी रस्ता त्याच योजनेंतून झाला. त्यापूर्वीं पावसाळ्यांत आजाऱ्यास बाजेवर घालून महामार्गापर्यंत न्यावें लागे, हें मीं स्वतः पाहिलें आहे. एकदां तर मीं खांदाही दिला आहे.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण टोलच्या पैशांतून असा रस्ता कधींही झाला नसता. जेथें वाहनांची गर्दी आहे, तेथेंच टोल पिकतो. आमच्या गांवच्या रस्त्यावर नाका बसविला असता, तर नाकेदाराचा पगारही निघाला नसता. इंधनावरील कराचा मोठा गुण हा कीं, तो सर्वांकडून थोडा थोडा गोळा होतो, आणि जेथें गर्दी नाहीं पण गरज आहे, तेथेंही पोहोंचूं शकतो.

आतां टोलची बाजूही निःपक्षपातीपणानें मांडली पाहिजे. ॲडम स्मिथ या ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञानें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत टोलचें समर्थनच केलें आहे. जो रस्ता झिजवितो त्यानेंच, आणि ज्या प्रमाणांत झिजवितो त्या प्रमाणांत, त्याची भरपाई करावी, याहून न्याय्य रीति कोणती, असें त्याचें म्हणणें. त्यांत तथ्य आहे. ज्यानें आयुष्यांत मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पाहिला नाहीं, अशा एखाद्या दूरच्या खेड्यांतील मोटारसायकलवाल्यानें तो मार्ग बांधण्यासाठीं पेट्रोलमागें पैसे कां द्यावेत? तो मार्ग ज्यांना वेळ वांचविण्यासाठीं हवा, त्यांनीं त्याचे पैसे द्यावेत, हें कोणासही पटेल. परंतु त्याच ग्रंथकारानें एक इशाराही देऊन ठेवला आहे. टोल हा रस्त्याच्या खर्चापुरता न राहतां सरकारी उत्पन्नाचें साधन झाला, तर त्याचा बोजा जड व हलक्या किंमतीच्या मालावर, म्हणजे अखेर गरिबांवर पडेल, असें त्यानें म्हटलें आहे.

आतां पाटी-पेन्सिल घेऊं. राष्ट्रीय महामार्गांवरील टोलचे नियम २००८ सालचे आहेत. त्यांत २००७-०८ सालास धरून मूळ दर दिलेले आहेत, व ते दरसाल वाढत जातात. चौपदरी रस्त्यावर मोटारीस किलोमीटरला ६५ पैसे, लहान मालगाडीस १ रुपया ५ पैसे, आणि बस अथवा दोन आंसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, असे ते मूळ दर आहेत. आज ते याहून पुष्कळ अधिक झाले आहेत. परंतु प्रमाण तेंच असल्यामुळें हिशोबासाठीं मूळ दरच घेऊं, आणि आंकडा पांचाच्या पटींत करण्याचा नियमही बाजूस ठेवूं. एकाच दिशेनें जातांना दोन नाक्यांमध्यें सामान्यतः साठ किलोमीटरांचें अंतर असावें, असाही नियम आहे. तेव्हां एका नाक्यावर साठ किलोमीटरांचा टोल घेतला जातो, असें धरूं. ६५ पैशांनीं साठ किलोमीटरांचे ३९ रुपये झाले.

जो प्रवासी साठच्या साठ किलोमीटर जातो, त्याला किलोमीटरमागें ६५ पैसेच पडले. त्याची तक्रार नाहीं. आमच्या गांवचा मनुष्य आठच किलोमीटर महामार्गानें जातो, पण नाका मध्यें असल्यामुळें तोही ३९ रुपये देतो. त्याला किलोमीटरमागें ४ रुपये ८७ पैसे पडले. म्हणजे परक्याच्या साडेसातपट! आणि गंमत अशी कीं, ज्याचें गांव नाक्याच्या पुढें आहे, व ज्याला दोन नाक्यांच्या मधल्यामध्यें पन्नास किलोमीटर जावयाचें आहे, तो एक पैसाही देत नाहीं. एकाच रस्त्यावर एकजण आठ किलोमीटरांचे ३९ रुपये देतो, व दुसरा पन्नास किलोमीटरांचें कांहींच देत नाहीं. असें उत्तर एखाद्या विद्यार्थ्यानें आणलें असतें, तर गणित मांडण्यांतच चूक आहे, असें मीं त्याला सांगितलें असतें.

आतां तोच हिशोब इंधनाच्या करानें करून पाहूं. २०१८ सालच्या अर्थसंकल्पांत पेट्रोल व डिझेल यांवर लिटरमागें ८ रुपये रस्ते व पायाभूत सोयींचा उपकर बसविण्यांत आला. त्यानंतर दर बदलले, परंतु उदाहरणास तोच आंकडा घेऊं. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या मोटारीस हा उपकर किलोमीटरमागें सुमारें ५३ पैसे पडतो. आठ किलोमीटर गेलें, तर सव्वाचार रुपये. साठ गेलें, तर ३२ रुपये. जवळच्यास कमी, दूरच्यास अधिक. येथें अन्याय दिसत नाहीं.

"परंतु गुरुजी, स्थानिकांना पास मिळतो ना?" असें कोणी विचारील. मिळतो, आणि तें सांगितलेंच पाहिजे. नाक्यापासून वीस किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्याच्या खासगी मोटारीस महिन्याचा पास मिळतो. त्याचा मूळ दर १५० रुपये होता, व तोही दरसाल वाढतो. मात्र सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल, तर हा पास मिळत नाहीं. आतां याचाही हिशोब पाहा. जो नोकरदार महिन्यांतून पंचवीस दिवस जाऊन येऊन सोळा किलोमीटर जातो, त्याचे चारशें किलोमीटर होतात, आणि त्याला किलोमीटरमागें साडेसदतीस पैसेच पडतात. तो तर परक्यापेक्षांही फायद्यांत राहिला. पण जो शेतकरी महिन्यांतून दोनच वेळां आपल्या जुन्या मोटारींतून आजारी आईला दवाखान्यांत नेतो, त्याला पास परवडत नाहीं. चोवीस तासांत परत येणाऱ्यास दीडपट भाडें, या हिशोबानें त्याला दोन फेऱ्यांचे ११७ रुपये पडतात, व त्याचे किलोमीटर होतात बत्तीस. म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांहून जास्त.

आणि ज्याचा गाडीवरच चरितार्थ आहे, त्याची कथा तर आणखी निराळी. आमच्या गांवांत एक तरुण पिकअप गाडींतून भाजीपाला तालुक्याला नेतो. त्याची गाडी धंद्याची, म्हणून तिला हा पास नाहीं. जिल्ह्यांत नोंदलेल्या धंद्याच्या गाडीला निम्म्या दराची सवलत आहे. लहान मालगाडीचे साठ किलोमीटरांचे ६३ रुपये. त्याचे निम्मे साडेएकतीस. आठ किलोमीटरांना भागिले, तर किलोमीटरमागें चार रुपयांना सहा पैसे कमी. मी पेन्शनर, फिरायला म्हणून रोज तालुक्याला गेलों, तरी पासावर स्वस्तांत जातों. आणि जो पहाटे तीनला उठून वांग्या-टोमॅटोंचीं पाळीं भरतो, तो माझ्या दहापटीहून अधिक देतो! हा हिशोब मांडल्यावर माझ्या हातांतील पेन्सिल थांबली, हें मी खरें सांगतों.

स्थानिकांचा हा राग कांहीं आजचा नाहीं, व आमच्याच देशांतलाही नाहीं. इंग्लंडजवळच्या वेल्स प्रांतांत १८३९ ते १८४३ या वर्षांत शेतकऱ्यांनीं रात्रीच्या वेळीं स्त्रियांचा वेष घेऊन टोलनाक्यांचीं फाटकें मोडून टाकलीं. इतिहासांत हीं रेबेका-दंगलीं म्हणून प्रसिद्ध आहेत. तेथील शेताला चुनखडीचें खत लागे. तें आणण्यासाठीं एकाच वाटेवर कित्येक फाटकें ओलांडावीं लागत, आणि प्रत्येक ठिकाणीं पैसे मोजावे लागत. पुढें चौकशी झाली. १८४४ सालीं दक्षिण वेल्समधील हीं मंडळें एकत्र करून नवा कायदा झाला, व चुन्यावरील टोल निम्मा करण्यांत आला.

आपल्या कोल्हापुरांतील आंदोलन तर आपण सर्वांनीं पाहिलेंच आहे. शहरांतील रस्ते खासगी भांडवलानें करून घेण्यांत आले, व शहराच्या वेशींवर टोलनाके बसले. आपल्याच गांवांत शिरण्यासाठीं आपणच पैसे कां द्यावे, असा लोकांचा प्रश्न होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध पुढारी त्यांत अग्रभागीं होते. जानेवारी २०१४ मध्यें नाक्यांची जाळपोळही झाली. तिचें समर्थन मी करणार नाहीं, कारण जाळलेल्या वस्तूचा खर्चही शेवटीं लोकांवरच पडतो. डिसेंबर २०१५ मध्यें सरकारनें तो टोल रद्द केला. तत्पूर्वीं त्याच वर्षीं १ जूनपासून राज्यांतील १२ नाके बंद करण्यांत आले, व ५३ नाक्यांवर मोटारींना आणि एस. टी. बसगाड्यांना माफी मिळाली. पुढें १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पांचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला.

लोकांना आनंद झाला, आणि तो स्वाभाविक होता. परंतु येथें एका गोष्टीचा विसर पडूं नये. टोल माफ झाला, म्हणजे खर्च माफ झाला, असें नव्हे. ज्यानें करार करून पैसे गुंतविले, त्यास भरपाई द्यावी लागते. ती सरकारी तिजोरींतून जाते, आणि तिजोरी आपल्याच करांनीं भरलेली असते. ज्याच्याजवळ मोटार नाहीं, तो मजूरही मग त्या माफींत आपला वाटा उचलतो. माफी हा शब्द गोड आहे. पण हिशोबाच्या वहींत तो दुसऱ्याच्या नांवें खर्च टाकण्याचाच एक प्रकार असतो.

मग टोल सारा बंद करून सर्व कांहीं इंधनाच्या करावर सोपवावें काय? मलाही आरंभीं असेंच वाटलें होतें. परंतु विचार करतां त्यांतही तीन खोट्या आढळल्या.

पहिली ही कीं, सगळें डिझेल रस्त्यावर जळत नाहीं. शेतकऱ्याचें पाणी ओढणारें इंजिन, नांगरणीचा ट्रॅक्टर, कोकणांतील मच्छिमाराची होडी, यांनाही डिझेल लागतें. टोलच्या नियमांत ट्रॅक्टर, दुचाकी व तीनचाकी वाहनें यांना सूट आहे. इंधनाच्या करांत अशी निवड नसते. पंपावरील नळी हें विचारीत नाहीं कीं, बाबा, तूं रस्त्यावर जाणार कीं शेतांत?

दुसरी ही कीं, एकदां पैसा तिजोरींत गेला, म्हणजे तो कोठें जाईल याचा भरंवसा उरत नाहीं. इंग्लंडांत रस्त्यांसाठीं म्हणून वेगळा काढलेला निधि १९२६ सालीं त्या वेळचे अर्थमंत्री चर्चिल यांनीं सरकारच्या इतर खर्चाकडे वळविण्यास आरंभ केला, हें प्रसिद्धच आहे. आपल्याकडेही २०१८ सालीं रस्तेनिधीच्या नांवांत पायाभूत सोयी हे शब्द जोडले जाऊन त्याचें क्षेत्र वाढविण्यांत आलें. महाराष्ट्रांत २०१५ सालीं दुष्काळनिवारणासाठीं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागें २ रुपयांचा अधिभार बसला. दुष्काळग्रस्तांस मदत झालीच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु मग इंधनावरील कर ही रस्त्याची किंमत आहे, असें म्हणतां येत नाहीं. तो एक सोयीस्कर कर होतो, इतकेंच.

तिसरी खोट झिजेची आहे. अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत रस्त्यांवर गाड्या फिरवून मोठे प्रयोग करण्यांत आले. त्यांवरून असा स्थूल नियम निघाला कीं, आंसावरील वजन वाढलें म्हणजे रस्त्याची झीज त्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढते. लहान मोटारीच्या आंसावर अर्धा टन, व भरलेल्या ट्रकच्या आंसावर दहा टन वजन धरलें, तर वजन वीसपट. आणि वीसाचा चौथा घात १,६०,०००. म्हणजे झीज एक लाख साठ हजारपट! इंधन मात्र ट्रक मोटारीच्या चारपांचपटच जाळतो. टोलच्या मूळ दरांतही ट्रकला मोटारीच्या साडेतीनपटीहून कमीच द्यावें लागतें. अर्थात् ट्रकमधून धान्य, साखर व सिमेंट जातें, त्यामुळें त्यावरील सारा बोजा शेवटीं आपल्याच घरीं येतो, हेंही खरें. तथापि रस्ता कोण झिजवितो, या प्रश्नाचें खरें उत्तर दोन्ही करांत नाहीं, एवढें कबूल केलें पाहिजे. शिवाय विजेवर चालणाऱ्या गाड्या पेट्रोलवरील कर देतच नाहींत, आणि महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं कांहीं मोठ्या मार्गांवर त्यांना टोलमध्येंही सूट जाहीर केली. अशा गाड्या जसजशा वाढतील, तसतसा इंधनकराचा झरा आटत जाईल.

आतां अर्जाकडे वळतों. सह्या झाल्यानंतर दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो बारा-तेरा वर्षें ट्रक चालवितो. महिन्यांतून तीन-चार दिवस घरीं असतो. मीं मोठ्या हौसेनें त्याच्यापुढें अर्ज ठेवला व म्हटलें, "वाच, आणि सही कर." त्यानें वाचला. मग खालीं ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, अर्ज झकास झाला आहे. पण यांत मी कुठें बसतों? प्रत्येक नाक्यावर कोणी तरी स्थानिक असतो. मी कोणत्याच नाक्यावर स्थानिक नसतों. तुम्हां सगळ्या गांवांना माफी मिळाली, कीं उरलेला टोल आम्ही परक्यांनीं भरायचा. आणि आमचा मालक तो आमच्या भत्त्यांतून काढतो." सही न करतां तो पायां पडून निघून गेला.

तो गेल्यावर मी बराच वेळ ओटीवर बसून होतों. शाळेंत असतांना मीं मुलांना शिकविलें होतें कीं, जें सर्वांना लागूं करतां येत नाहीं, तो नियम नव्हे, ती सवलत होय. आणि मीं लिहिलेला अर्ज नियमासाठीं नव्हता. आमच्या वेशीपुरत्या सवलतीसाठीं होता. आमच्यावर अन्याय होत होता, हें खरेंच. परंतु तो अन्याय उचलून पुढल्या गांवाच्या, नाहीं तर कोणत्या तरी परक्या ड्रायव्हराच्या डोक्यावर ठेवावा, एवढेंच आम्ही मागत होतों. पुढच्या शनिवारीं मीं पुन्हां बैठक बोलाविली आणि हें सारें सांगितलें. कांहीं मंडळी रागावलीं. "मास्तर, तुम्हांला पेन्शन आहे, तुमचें काय जातें?" असेंही एकजण म्हणाले. तें मला लागलें. पण त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें, म्हणून मीं उत्तर दिलें नाहीं. अखेर दुसरा अर्ज लिहावा, असें ठरलें.

त्या दुसऱ्या अर्जांत चारच मागण्या आहेत. पहिली : टोल घ्यावयाचा, तर तो चाललेल्या अंतराच्या मापानें घ्यावा. आठ किलोमीटरांचे आठ, साठांचे साठ. हें अशक्य नाहीं. समृद्धि महामार्गावर डिसेंबर २०२२ पासून अंतराच्या हिशोबानेंच टोल घेतला जातो. आरंभीं तो मोटारीस किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. त्या मार्गावर शिरण्याच्या व उतरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, आमचा महामार्ग मोकळा आहे, हा फरक मला मान्य आहे. परंतु सप्टेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें टोलच्या नियमांत दुरुस्ती करून उपग्रहाच्या साहाय्यानें अंतर मोजण्याची, व अशा यंत्राच्या गाडीस दिवसाचे पहिले वीस किलोमीटर माफ करण्याची तरतूद केली. म्हणजे तत्त्व सरकारलाही पटलें आहे. ही वीस किलोमीटरांची सूट कोणा एका गांवाला नाहीं. ती ज्याच्या त्याच्या रोजच्या जवळच्या प्रवासाला आहे. स्थानिक कोण, हें रेशनकार्डावरून न ठरतां चाकावरून ठरावें, हेंच आमचें मागणें.

दुसरी : जेथें दुसरा बरा रस्ताच नाहीं, तेथें टोल ही वाटेची किंमत राहत नाहीं, ती वाट अडविण्याची किंमत होते. तेव्हां पर्यायी रस्ता अगर सेवारस्ता आधीं नीट करावा, मग टोल मागावा. तिसरी : धंद्याच्या लहान गाड्यांनाही पासाची सोय असावी, श्रम करणाऱ्यास अधिक व फिरणाऱ्यास कमी, हा उलटा न्याय थांबावा. चौथी : प्रत्येक नाक्यावर मोठ्या मराठी अक्षरांत हिशोबाचा फलक असावा. रस्त्यास एकंदर खर्च किती, आजवर वसूल किती, दुरुस्तीस किती गेले, व वसुली केव्हां संपणार. फास्टॅगमुळें फेब्रुवारी २०२१ नंतर नाक्यावरील बहुतेक पैसा यंत्रानेंच जमा होतो; तेव्हां हिशोब ठेवणें कठीण आहे, असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं. लोकांचा राग जितका पैशाचा असतो, त्याहून अधिक तो अंधाराचा असतो.

आणि इंधनाचा कर? तो असावा, असेंच माझें मत आहे. गांवचा रस्ता, जिल्ह्याचा रस्ता, ज्या रस्त्यानें मूल शाळेंत जातें व दूध डेअरींत जातें, तो रस्ता सर्वांच्या सामायिक पैशांतूनच झाला पाहिजे. जयकर समितीचा हेतूही याहून निराळा नव्हता. मात्र रस्त्यासाठीं म्हणून घेतलेला पैसा रस्त्याकडेच जावा. द्रुतगति मार्ग, मोठे पूल, बोगदे, ज्यांनीं वेळ वांचतो व ज्यांवांचूनही जातां येतें, त्यांचा खर्च टोलनें निघावा. रोजच्या भाकरीचा रस्ता सर्वांचा. वेळ वांचविण्याचा रस्ता ज्याचा त्याचा. माझ्या अल्प बुद्धीला न्यायाची रेषा ही अशी दिसते.

दुसऱ्या अर्जावर सह्या पहिल्यापेक्षां कमी झाल्या, सत्तरच्या आसपास. तो पाठवून आतां चार महिने होत आले; अद्याप उत्तर नाहीं. परंतु त्या सह्यांत एक सही अशी आहे कीं, जी पहिल्या अर्जावर नव्हती. सुट्टींत घरीं आलेला माझा तो ड्रायव्हर विद्यार्थी स्वतः होऊन आला, व अर्ज वाचून त्यानें खालीं आपलें नांव लिहिलें. पत्त्याच्या रकान्यांत काय लिहूं, असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "आपल्या गांवचें नांव लिही. तूंही येथलाच आहेस."

श्रोतेहो, आपलाही एखादा अर्ज असाच लिहिला जात असेल. सही करण्यापूर्वीं एकदां विचारा कीं, यांत आपली सुटका आहे, कीं केवळ ओझ्याची अदलाबदल आहे.